ग्लायडरची विद्या आणि यवतमाळचे आकाश

इतिहासाचा विषय जाहीर झाला की श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे किल्ले, लढाया आणि तहनामे उभे राहतात. आजच्या विषयात यांपैकी काही नाही. लाकडाच्या फासळ्यांवर ताणून बसवलेले कापड, उन्हाने तापलेली हवा आणि या दोहोंवर विश्वास ठेवून जमीन सोडणारी माणसे यांचा हा इतिहास आहे. इंजिन नसलेल्या विमानाला ग्लायडर म्हणतात, आणि लहानसे इंजिन बसवलेल्या, एक-दोन माणसे नेणाऱ्या हलक्या विमानाला मायक्रोलाइट किंवा अल्ट्रालाइट. पहिल्याला खालून कोणीतरी ओढून वर चढवावे लागते, दुसरे स्वतः चढते. दोन्हींचा उपयोग मुख्यतः शिकण्यासाठी आणि आनंदासाठी. अशा छंदाशी यवतमाळसारख्या कापसाच्या जिल्ह्याचा काय संबंध, अशी शंका येणे साहजिक आहे. त्या शंकेचे उत्तर या इतिहासातूनच निघते. या विद्येने शंभर-सव्वाशे वर्षांत जे कमावले त्यातील मोठा भाग वर कसे जावे याचा नसून सुखरूप खाली कसे यावे याचा आहे. आणि ज्या गावाच्या माथ्यावर उडण्याजोगे आकाश आहे त्या गावाने हा भाग आधी समजून घेतला पाहिजे.

विमानाची गोष्ट निघाली की महाराष्ट्रात शिवकर बापूजी तळपदे यांचे नाव निघतेच. १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर त्यांनी विमान उडवले अशी कथा आपण सर्वांनी ऐकलेली आहे. त्या काळी एक मराठी माणूस या ध्यासाने झपाटला होता, याचा अभिमान वाटणे योग्यच आहे. परंतु ते उड्डाण झाले असे निर्विवादपणे सांगणारी समकालीन नोंद उपलब्ध नाही. ज्या ‘वैमानिक शास्त्र’ ग्रंथाचा दाखला नेहमी दिला जातो, त्यातील आकृतींची तपासणी बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधील अभ्यासकांनी १९७४ साली केली आणि ती याने उडण्यास असमर्थ आहेत असा निष्कर्ष काढला. हे सांगण्यात कोणाचा अवमान करण्याचा हेतू नाही. विमानविद्येत प्रत्येक उड्डाणाची वेळ, उंची आणि उतरण्याची जागा वहीत लिहावी लागते, त्या वहीला लॉगबुक म्हणतात, आणि तिच्याबाहेरचे उड्डाण मोजले जात नाही. ही शिस्त वरवर कारकुनी वाटते. पण पुढच्या माणसाचा जीव मागच्या माणसाच्या नोंदीवर वाचत असतो, आणि त्याचे पहिले ठळक उदाहरण जर्मनीत सापडते.

ओटो लिलिएंथाल हा व्यवसायाने अभियंता. पक्ष्यांच्या पंखांचा अनेक वर्षे अभ्यास करून १८९१ साली त्याने टेकडीवरून उडी घेण्यास आरंभ केला. वेताच्या काड्या आणि कापड यांचे पंख, त्यांच्या मधोमध तो स्वतः लोंबकळत असे, आणि तोल सांभाळण्यासाठी पाय इकडेतिकडे झुलवीत असे. पाच वर्षांत त्याने सुमारे दोन हजार उड्डाणे केली; त्यातील लांबात लांब साधारण अडीचशे मीटरची. पंखावर वाऱ्याचा दाब किती येतो याची कोष्टके त्याने छापून प्रसिद्ध केली. ९ ऑगस्ट १८९६ रोजी एका झोतात त्याच्या ग्लायडरचे नाक वर उचलले गेले, वेग संपला, आणि तो सुमारे पंधरा मीटरांवरून कोसळला. दुसऱ्या दिवशी बर्लिनमध्ये त्याचा मृत्यू झाला. त्या अपघाताला आज वैमानिक ‘स्टॉल’ म्हणतात. पंखाखालून हवा पुरेशा वेगाने वाहत असते तोवर पंख भार उचलतो. नाक फार वर नेले की हवा पंखाच्या पाठीवरून सुटते आणि पंख म्हणजे नुसती फळी उरते. सायकल फार हळू चालवली की ती आडवी होते, तसाच हा प्रकार, फक्त येथे पडायला जागा फार खोल असते.

अमेरिकेतील राइट बंधू सायकली बनवणारे कारागीर होते. लिलिएंथालच्या मृत्यूच्या बातमीने त्यांचे लक्ष या विषयाकडे ओढले गेले, आणि त्याची कोष्टके त्यांनी हाती घेतली. मोटार बसवण्याची घाई त्यांनी केली नाही. १९०० ते १९०२ अशी तीन वर्षे ते किटी हॉक या समुद्रकाठच्या गावी जात राहिले. तेथे वारा नियमित होता आणि खाली मऊ वाळू होती. पडलो तरी हाड मोडू नये, एवढा विचार जागा निवडतानाच केलेला होता. कोष्टकांचा अनुभवाशी मेळ बसेना, तेव्हा १९०१ साली घरी परतून त्यांनी लाकडी पेटीत पंख्याचा वारा सोडून छोट्या छोट्या पंखांची मोजमापे नव्याने घेतली. १९०२ च्या हंगामात त्यांनी विनाइंजिन शेकडो उड्डाणे केली, आणि विमान वळवणे, सावरणे व उतरवणे हाताच्या सवयीचे झाल्यावरच १७ डिसेंबर १९०३ चे इंजिनाचे उड्डाण केले. जगातील पहिले विमान ग्लायडरच्या शाळेतून बाहेर पडले, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. ऑर्व्हिल राइट पुढेही ग्लायडर विसरला नाही. २४ ऑक्टोबर १९११ रोजी तो त्याच वाळूच्या टेकड्यांवर नऊ मिनिटे पंचेचाळीस सेकंद तरंगत राहिला, आणि तो विक्रम दहा वर्षे टिकला.

तो मोडला जर्मनीत, आणि त्यामागे एक राजकीय कारण होते. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनीच्या इंजिनाच्या विमानांवर कडक बंधने आली. तेथल्या विद्यार्थ्यांनी आणि तंत्रज्ञांनी इंजिनावाचून उडण्याचा मार्ग धरला. १९२० साली ऱ्होन पर्वतातील वासरकुप्पे या टेकडीवर ग्लायडरांची पहिली मोठी स्पर्धा भरली. दोनच वर्षांनी, १९२२ च्या ऑगस्टमध्ये, तेथे एक ग्लायडर तीन तासांहून अधिक काळ आकाशात राहिले. टेकडीवर आपटून वर वळणाऱ्या वाऱ्यावर ते तरंगत होते. टेकडीपासून दूर, सपाट मुलखावरही वर जाणारी हवा असते हे १९२० नंतरच्या दशकात उमगले, आणि १९२८ साली रॉबर्ट क्रोनफेल्ड याने चढउतार दाखवणारे एक नाजूक यंत्र सोबत नेऊन ती हवा शोधण्याची रीत सिद्ध केली. या जर्मन विद्यार्थ्यांची खरी देणगी म्हणजे क्लब. ग्लायडर एकट्याने उडवता येत नाही. कोणी पंखाचे टोक धरतो, कोणी दोर जोडतो, कोणी वेळ लिहितो, आणि आपली पाळी येईपर्यंत प्रत्येकाला दुसऱ्याच्या जिवाची काळजी वाहावी लागते. परीक्षाही त्यांनी पायऱ्यापायऱ्यांनी बांधल्या. त्यातील रौप्यपदकासाठी पाच तास आकाशात राहणे, एक हजार मीटर उंची मिळवणे आणि पन्नास किलोमीटर अंतर तोडणे हे तीन निकष आजही जगभर मानले जातात. यवतमाळहून दिग्रस सरळ रेषेत मोजले तर साधारण तेवढेच भरेल.

ही वर जाणारी हवा म्हणजे काय, हे समजून घेण्यास यवतमाळच्या माणसाला पुस्तकाची गरज नाही. चैत्र-वैशाखात भर दुपारी वखरलेल्या काळ्या रानातून धुळीचा आणि पाचोळ्याचा खांब गरगरत उठतो. आपण त्याला वावटळ म्हणतो. काळी जमीन ऊन पिऊन घेते, तिच्यालगतची हवा शेजारच्या गवताळ किंवा झाडीच्या भागातील हवेपेक्षा अधिक तापते, हलकी होते, आणि बुडबुड्यासारखी सुटून वर चढते. धूळ असली तर तो खांब दिसतो, नसली तर दिसत नाही, पण असतोच. वैमानिक त्याला थर्मल म्हणतात. घार पंख न हलवता गोल फिरत फिरत ठिपक्याएवढी होते ती त्याच्याच आधाराने. ग्लायडरचा वैमानिकही तेच करतो. खांब सापडला की त्यातच घिरट्या घालत उंची कमावतो, आणि मग ती उंची खर्च करीत पुढच्या खांबाकडे जातो. एक मीटर खाली येताना बावीस मीटर पुढे जाणारे साधे ग्लायडर घेतले, तर एक हजार मीटर उंचीवरून ते शांत हवेत बावीस किलोमीटर जाईल, म्हणजे यवतमाळहून सुमारे कळंबपर्यंत. आजच्या उत्तम ग्लायडरांत हेच प्रमाण साठाच्या वर गेले आहे. २००३ साली क्लाउस ओलमान याने दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या वाऱ्यावर एका दिवसात तीन हजार किलोमीटरांचा पल्ला गाठला, आणि २०१८ साली ‘पर्लान’ नावाचे ग्लायडर तेवीस किलोमीटरांहून अधिक उंचीवर पोहोचले. एकदा वर चढवून सोडल्यानंतर इंधनाचा एक थेंबही न जाळता!

आपल्या देशात या विद्येचे बीज कसे पडले ते आता पाहू. १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटा यांना भारतात दिलेला पहिला वैमानिकी परवाना मिळाला, आणि १५ ऑक्टोबर १९३२ रोजी टपालाच्या थैल्या घेऊन ते कराचीहून मुंबईस आले. टपालानेच विदर्भालाही विमानाच्या नकाशावर आणले. १९४९ साली रात्रीची हवाई टपालव्यवस्था सुरू झाली, तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चारही दिशांची विमाने मध्यरात्री नागपुरास एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत परतत. हे सारे इंजिनाचे काम झाले. ग्लायडरचे घर मात्र पुण्यात उभे राहिले. हडपसरच्या माळावर १९५० च्या सुमारास नागरी विमान वाहतूक खात्याने ग्लायडिंग सेंटर काढले, आणि अनेक दशके तेथे विंचच्या दोराने ग्लायडरे आकाशात चढत राहिली. विंच म्हणजे मैदानाच्या टोकाला ठेवलेला इंजिनाचा रहाट. तो लांबच लांब दोर झपाट्याने गुंडाळतो, दुसऱ्या टोकाचे ग्लायडर पतंगासारखे वर उठते, आणि पुरेशी उंची आली की वैमानिक पिवळी मूठ ओढून दोर सोडून देतो.

परदेशी ग्लायडरांवर कायमचे अवलंबून राहावयाचे नाही, असेही त्या खात्यातील अभियंत्यांनी ठरवले. एस. रामामृतम् आणि के. बी. गणेशन् यांच्यासारख्या आरेखकांच्या हातून भारतीय ग्लायडरे बाहेर पडू लागली. त्यांची नावे ऐकून आपल्या शेतकऱ्याला ओळख पटेल: अश्विनी, भरणी, कार्तिक, रोहिणी, मृगशीर, आर्द्रा. नक्षत्रांचाच हा क्रम, फक्त कृत्तिकेच्या जागी कार्तिक आला. यांतील रोहिणी १० मे १९६१ रोजी प्रथम उडाली. गुरू आणि शिष्य तीत शेजारी शेजारी बसत, त्यामुळे शिष्याचा हात चुकीच्या दिशेला जातो आहे हे गुरूला डोळ्यांनी दिसे. शंभराहून अधिक रोहिणी बांधल्या गेल्या आणि देशातील कित्येक तरुणांची पहिली आकाशयात्रा तिच्यातून झाली. एन.सी.सी.च्या हवाई विभागातील छात्रांनाही ग्लायडरचेच धडे मिळत. पुढे त्यांच्या हाती मायक्रोलाइट विमाने आली.

मायक्रोलाइटचा इतिहास अलीकडचा आणि थोडा उच्छृंखल आहे. फ्रान्सिस रोगॅलो या अमेरिकन अभियंत्याने १९४८ साली घडी घालता येणाऱ्या कापडी पंखाची कल्पना मांडली. त्यातून हँगग्लायडर निघाले, आणि १९७५ साली जॉन मूडी याने अशाच एका हलक्या ग्लायडरला छोटी मोटार बांधून सपाट जमिनीवरून उड्डाण केले. टेकडी नको, विंच नको, सोबती नकोत. छंद वणव्यासारखा पसरला, आणि अपघातही त्याच्याबरोबर वाढले, कारण क्लबाने जी शिस्त लावली होती ती येथे वाटेतच गळून पडली. म्हणून सरकारांना नियम करावे लागले. अमेरिकेने १९८२ साली एकासनी, २५४ पौंडांपर्यंतच्या रिकाम्या वजनाची मर्यादा घातली. आपल्याकडे दोन आसने आणि सुमारे साडेचारशे किलो एकूण वजन अशी व्याख्या झाली, आणि नोंदणी, परवाना व उड्डाणाची परवानगी सक्तीची झाली.

नियम पाळूनही या इवल्या विमानाने केवढे काम करता येते, हे विजयपत सिंघानिया यांनी दाखवले. ज्या रेमंड उद्योगाचा डेनिम कापडाचा कारखाना यवतमाळच्या औद्योगिक वसाहतीत उभा राहिला, त्याच उद्योगाचे ते दीर्घकाळ अध्यक्ष होते. १९८८ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात ते मायक्रोलाइटमधून लंडनहून भारतात आले. या प्रवासाला तेवीस दिवस लागले, आणि त्यातील हवेतले तास नव्वदीच्या आत होते. उरलेला वेळ हवामानाची वाट पाहण्यात, इंधन मिळवण्यात, यंत्र तपासण्यात आणि परवानग्यांत गेला. दूरच्या सफरीचे हे प्रमाण ध्यानात ठेवण्याजोगे आहे. १९८८ च्या या यशानंतर सतरा वर्षांनी, २६ नोव्हेंबर २००५ रोजी, मुंबईहून गरम हवेच्या फुग्यातून ते सुमारे एकवीस किलोमीटर उंचीवर गेले आणि सिन्नरजवळ उतरले; त्या वेळी त्यांचे वय सदुसष्ट होते.

आता आपल्या आकाशाकडे वळू. ग्लायडरला जी हवा अमृत, तीच मायक्रोलाइटला विष ठरते. वैशाखातील दुपारचे खांब ग्लायडरला उचलतात, पण हलक्या मोटारीच्या विमानाला ते धक्के देऊन हैराण करतात. म्हणून विदर्भात मायक्रोलाइटने सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर उडावे, आणि दुपार ग्लायडरसाठी सोडावी. दुसरी गोष्ट उष्म्याची. यवतमाळ समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंच. पारा ४३ अंशांवर गेला की हवा इतकी विरळ होते की विमानाच्या दृष्टीने ते गाव दीड हजार मीटरांहून उंच असल्यासारखे होते, जवळजवळ कळसूबाईच्या शिखराशी टेकलेले. जानेवारीत जेवढ्या धावपट्टीत विमान सहज उठले, तेवढीत ते मेमध्ये उठेलच असे नाही. गणित न करता निघालेल्या माणसाला हे धावपट्टीच्या टोकाशी कळते. तिसरी गोष्ट अवकाळीची. दुपारनंतर जे ढग कोबीच्या गड्ड्यासारखे फुगत जातात, त्यांच्या पोटातील हवेचा वेग माणसाच्या आटोक्यातला नसतो. ढग दुरून कितीही देखणा दिसो, त्याच्याखाली जायचे नाही, हा नियम आहे.

चौथी गोष्ट उतरण्याची, आणि तीत जिल्ह्यातील शेतकरी थेट भागीदार आहे. ग्लायडरला दरवेळी घरी परतता येत नाही. खांब सापडला नाही तर परक्या शेतात उतरावे लागते. पावसाळ्यात काळी माती चाक गिळते. दिवाळीनंतर पऱ्हाटी कंबरेएवढी उभी असते, शेजारी तूर माणसाच्या डोक्याला लागते. उलंगवाडी झाली, पऱ्हाटी उपटून रान मोकळे झाले, की मग फाल्गुनापासून उतरण्याजोगी शेते मिळू लागतात. सुदैवाने उष्ण हवेचा हंगामही तेव्हाच सुरू होतो. तरीही वखरलेल्या रानातील ढेकळे, जमिनीच्या भेगा, विहिरीचे कठडे आणि विशेषतः विजेच्या तारा यांचा धोका राहतोच. तार वरून दिसत नाही, खांब दिसतात. म्हणून दोन खांबांच्या मध्ये तार आहे असे गृहीत धरूनच वैमानिक वागतो. टिपेश्वरच्या आणि पैनगंगेच्या रानावर तर उतरायला जागा नाही. तेथे जाण्यापूर्वी परतीची उंची हाती असलीच पाहिजे. आणि शेतात उतरल्यावर प्रथम शेतमालकाला भेटून नुकसानभरपाई बोलावी, ही जगातील सर्व ग्लायडर-क्लबांची जुनी रीत आहे.

एवढे सारे अनुकूल असताना येथे हा खेळ का रुजला नाही? शहराजवळ भारी येथे धावपट्टी झाली, तिला विमानतळाचे नाव मिळाले. २००९ साली राज्यातील नांदेड, लातूर, बारामती, उस्मानाबाद या विमानतळांबरोबर यवतमाळचाही विमानतळ ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने खासगी कंपनीकडे गेला. त्या कराराने यवतमाळला नियमित प्रवासी विमान मिळाले नाही. शेजारच्या अमरावतीला बेलोऱ्याहून मुंबईची सेवा मिळाली ती २०२५ साली. आपल्या सार्वजनिक चर्चेत विमानतळ म्हणजे मुंबईचे तिकीट, एवढाच अर्थ उरला आहे. तिकीट मिळाले तर कोणाला नको? पण धावपट्टीचा दुसरा उपयोग शाळेचा आहे, आणि त्याला शंभर प्रवाशांची वाट पाहावी लागत नाही.

ही शाळा फार खर्चाची नाही, मात्र तिचा क्रम चुकवता येत नाही. आधी परवानाधारक शिक्षक, मग विंच आणि दोर, मग दोन आसनांचे ग्लायडर, आणि एकट्याने उडण्याची गोष्ट सर्वांत शेवटी. मायक्रोलाइट घेण्याची ऐपत असलेला एखादा हौशी गृहस्थ गावात निघेलही. त्याने आधी विमान आणले आणि मागून शाळा शोधली, तर लिलिएंथालने प्राण देऊन जे शिकवले ते आपण पुन्हा प्राण देऊन शिकू. जिल्ह्यातील महाविद्यालयांनी, एन.सी.सी.च्या अधिकाऱ्यांनी आणि नगरपालिकेने एकत्र बसून एवढी मागणी करावी की वर्षातील फाल्गुन ते वैशाख हे तीन महिने धावपट्टीचा काही वेळ शिक्षणासाठी राखावा. पहिल्या वर्षी कोणी उडाले नाही तरी चालेल. मुलांनी वाऱ्याची दिशा, तापमान आणि ढगांची उंची रोज वहीत मांडावी, धावपट्टीभोवतालच्या विजेच्या तारांचा आणि मोकळ्या रानांचा नकाशा काढावा, त्या रानांच्या मालकांना भेटावे. दुसऱ्या वर्षी येणाऱ्या शिक्षकाला पहिल्या दिवशी हीच वही लागणार आहे.